पहिल्या फेरीचा गुलाल

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीला दोन कागद असतात. एक कॅलेंडर. त्यावर चतुर्थी, एकादशी आणि गाय कधी व्यायला होईल त्याची खूण. दुसरा कागद सुनेचा. त्यावर मोटारसायकलच्या शर्यतींच्या तारखा असतात. कुठं नाशिक, कुठं बारामती, कुठं पुण्याच्या पुढं, कुठं पार कोल्हापूर. मी भाकरी थापता थापता दोन्ही वाचते. चौथीपर्यंतच शिकले, पण तारीख आणि गाव वाचायला तेवढं पुरतं.

आधी मला वाटायचं, शर्यतीचं मैदान म्हणजे शाळेसारखं कायमचं बांधलेलं काहीतरी असेल. तसं नसतं. बहुतेक ठिकाणी पडीक रानच असतं. चार दिवस आधी जेसीबी येतो, मातीचे उंचवटे करतो, वळणं काढतो. आदल्या दिवशी टँकर पाणी मारतो. रविवारी गाड्या पळतात आणि सोमवारी तिथं पुन्हा शेळ्या चरतात. पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात फुफाटा, म्हणून दिवाळी झाली की हंगाम लागतो आणि होळीच्या आसपास उठतो. कारखान्याचा ऊस तुटतो तेच दिवस. आणि तारीख छापली म्हणजे पक्की, असंही नाही. कधी त्याच मैदानावर सभा ठरते, कधी टँकर मिळत नाही, कधी शेजारच्या गावची जत्रा त्याच दिवशी निघते. मग सुनेच्या मोबाईलवर निरोप येतो आणि ती उभ्या उभ्या पेनानं जुनी तारीख खोडून नवी घालते.

सून सावेडीची. तिच्या वडिलांचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज आहे. सोयरीक ठरताना त्यांनी आम्हाला मोकळेपणानं सांगितलं होतं, "पोरीला गाडीचा नाद आहे." आम्ही माना हलवल्या. आम्हाला वाटलं, स्कूटीवर फिरत असेल.

लग्नानंतर महिन्याभरात तिची गाडी टेम्पोतून आली, ताडपत्रीत गुंडाळलेली. उंच, सडपातळ, मागचं चाक मोठ्या दातांचं. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तिच्याभोवती दोन चकरा मारल्या.

"हिची लाईट कुठंय?"

"दादा, हिला लाईट नसते," सून म्हणाली.

"मंग रातच्याला कशी चालवायची?"

"ही रस्त्यावर चालवायची नसते. मातीत चालवायची."

"आस्सं!" मालकांना एकदम पटलं. "मंग फवारनीचा पंप बसंल का मागं?"

मुलगा हसून हसून ओसरीवरून खाली उतरला. सून मात्र हसली नाही. तिनं सासऱ्याला नीट समजावून सांगितलं की ही शर्यतीची गाडी आहे, मातीच्या मैदानात गोल फेऱ्या मारायच्या असतात, मुलींचा गट वेगळा असतो. मालक म्हणाले, "पळव बाबा. आमीबी बैलं पळवलीच की." आणि वर्षभर ती रविवारी मुलाबरोबर जात राहिली, संध्याकाळी मातीनं माखून येत राहिली. कुणाची काही हरकत नव्हती.

हरकत निघाली ती घोडेगावच्या बाजारात. मालक शुक्रवारी जनावरांच्या बाजाराला गेले होते. तिथं बैलांचे व्यापारी चाचा आहेत, मालकांचे तरुणपणापासूनचे दोस्त. चाचांनी त्यांना चहाच्या टपरीवर मोबाईलमध्ये एक व्हिडिओ दाखवला. उंचवट्यावरून गाडी उडाली होती, दोन्ही चाकं हवेत, आणि त्यावर आमची सून. खाली माणसांची डोकी दिसत होती.

मालक घरी आले ते टोपी न काढता बसून राहिले. मी पाणी दिलं, ते तसंच ठेवलं.

"जमिनीव पळवती म्हनलं हुतं," शेवटी बोलले. "ही तर वर पळवती."

रागापेक्षा त्यांना भीती वाटली होती, हे मला कळत होतं. रात्री अंगणात गाय हंबरली तरी हा माणूस उठून बसतो. पण भीती वाटते असं बोलायची त्यांना सवय नाही, म्हणून ते गाडी विकायची असं बोलले. राहात्याला त्यांच्या ओळखीचा एक जुन्या गाड्या घेणारा माणूस होता. त्याला फोनही करून टाकला.

सून जेवायला वाढत होती. तिनं भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"दादा, एवढा हंगाम तरी राहू द्या."

"कशाला? हाडं मोडाया?"

"आपल्याच माळावर आहे पुढची शर्यत. तुम्ही एकदा डोळ्यांनी बघा, मग ठरवा."

हे खरं होतं. नगरच्या आयोजकांना मैदान हवं होतं आणि गावामागचा आमचा माळ त्यांना आवडला होता. ग्रामपंचायतीनं होकार दिला होता, तारीखही कागदावर चढली होती. मालकांनी बराच वेळ ताटात बोट फिरवलं. मग म्हणाले, "ठीक हाय. आपल्या माळाव, आपल्या मानसांसमोर पयला नंबर काढ. काढला तर कुटंबी जा, मी शब्द काढनार न्हाई. पयला नंबर येत आसंल तर मी म्हनंन, हिला येतंय. दुसऱ्या-तिसऱ्यासाठी जिवाशी खेळ नको. न्हाई आला पयला, तर सोमवारी राहात्याचा मानूस येऊन गाडी घेऊन जाईल."

"चालेल," सून म्हणाली. इतक्या झटकन की मुलगा तिच्याकडं बघतच राहिला.

भांडी घासताना मी तिला हळूच विचारलं, "येईल ना गं पहिला?"

"नाशिककडची एक मुलगी असते आई. दरवेळी तीच येते. मी तिच्यापुढे आजवर एकदाच गेलेय."

"मग हो कशाला म्हणालीस?"

"नाही म्हटलं असतं तर आजच गेली असती गाडी."

मालकांचं एक सांगायला हवं. आमच्या भागात बैलगाड्यांच्या शर्यती होतात तिथं हे निशाणाला उभे असतात. गाडे सुटतात, सरळ पळत येतात, शेवटच्या दोरीला पहिला बैल लागला की हे हातातला झेंडा खाली पाडतात. झेंडा पडला की संपलं. माणसं धावत आत घुसतात, हलगी कडाडते, गुलाल उधळतात. आणि गुलाल एकदा पडला की निकाल फिरवायचा नाही, हा यांचा नेम. कितीतरी गाडेमालक यांच्याशी भांडत घरापर्यंत आलेत. "माझा बैल पुढं हुता" म्हणून ओसरीवर बसून राहिलेत. यांचं उत्तर ठरलेलं, "मंग गुलाल पडायच्या आदी बोलायचं हुतं. आता देव आला तरी नंबर तोच." या एका गोष्टीमुळं दहा गावांत यांना मान आहे.

शर्यतीच्या आधी चार दिवस माळावर जेसीबी घरघरत होता. गावातल्या बाया आधी फार चिडल्या. "पानंद रस्त्याला जेसीबी मागितला तर मिळत न्हाई, आन पोरांना उड्या माराया लगीच आला." पण मातीचे उंचवटे उभे राहिले तशी रोज संध्याकाळी बघायला तीच मंडळी जायला लागली. रविवारी पहाटे काही जणींनी जाऊन सुरुवातीच्या रेघेपाशी सडा घालून ही मोठी रांगोळी काढली. आयोजकांनी ती पाहिली आणि कपाळाला हात लावला, कारण गाड्या तिथंच उभ्या करायच्या होत्या. पण पुसा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. रांगोळीवरच गाड्या लावल्या.

माणूस तर काय, जत्रेसारखा. भेळेच्या गाड्या, उसाचा रस, फुगे. पेट्रोलचा वास आणि भज्यांचा वास एकत्र येत होता. मी आणि माझी जाऊ लिंबाच्या झाडाखाली बायकांत उभ्या राहिलो. मला गर्दीत फार लाजल्यासारखं होतं. मी पदर पुढं ओढून घेतला होता.

कर्ण्यावरून एक जण सांगत होता, "पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, रायडर पडलाय, सावकाश. लाल म्हणजे थांबा. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा म्हणजेच शर्यत संपली. प्रेक्षकांनी कृपया दोरीच्या आत येऊ नये." पण कर्ण्याच्या शेजारीच आमच्या गावचा हलगीवाला उभा होता आणि तो आज कुणाला ऐकणार नव्हता. त्या आवाजात मला अर्धंच कळलं. मुलींनी पाच फेऱ्या मारायच्या, हे तेवढं मला सुनेनं आधी सांगितलं होतं.

मालक शेवटच्या रेघेजवळ दोरीला चिकटून उभे होते. फेटा बांधलेला. काखेत गुलालाची पिशवी. शेजारी चाचा आणि माझे धाकटे दीर.

"आपली कोन्ती?" जाऊ मला विचारत होती.

"निळ्या हेल्मेटची."

गाड्या सुटल्या. आधी नुसती धूळ आणि आवाज. पहिल्या वळणातून बाहेर आल्या तेव्हा नाशिकची मुलगी पुढं होती आणि आमची तिच्या मागं. माळाच्या टोकाला मोठा उंचवटा होता, तिथं दोघी एकदमच उडाल्या. माझे डोळे आपोआप मिटले. उघडले तर निळं हेल्मेट पुढं होतं.

"आली! आली बग!" जाऊनं माझा दंड इतका आवळला की बांगडी रुतली.

सून सरळ रस्त्याला लागली. त्याच वेळी मागं एक मुलगी वळणावर घसरून पडली. तिला फार लागलं नाही, उठून बसलीसुद्धा, पण शेवटच्या रेघेपाशी उभ्या असलेल्या माणसानं मागच्यांना सावध करायला पिवळा झेंडा वरखाली हलवायला सुरुवात केली. नेमकी आमची सून तिथून पुढं जात होती.

मालकांनी काय पाहिलं? आपली सून पहिली आली आणि झेंडा पडला. एवढंच पाहिलं.

मी बघते तो दोरीखालून फेटा आत! त्यांच्यामागं चाचा, चाचांच्या मागं दीर, त्यांच्यामागं हलगी, आणि हलगीच्या मागं निम्मं गाव. मी ओरडले, "अहो, पाच हायेत! पाच!" पण माझा आवाज माझ्या पदराबाहेर गेला नसेल. जाऊ मलाच विचारत होती, "पाच काय गं?"

सुनेनं समोर माणसांची भिंत बघितली आणि गाडी आवरली. कशी आवरली तिचं तिला माहीत. गाडी थांबते न थांबते तोच मालकांनी आख्खी पिशवी तिच्या डोक्यावर रिकामी केली.

"पयला नंबर, पोरी! पयला नंबर!"

ती हेल्मेटच्या आतून काहीतरी सांगत होती, हातानं चार बोटं दाखवत होती. मालकांना वाटलं ती आनंदानं हात हलवतेय. त्यांनीही हलवला. मागून आलेल्या मुली एकेक करून थांबल्या. नाशिकच्या मुलीच्या खांद्यावरही चिमूटभर गुलाल पडला. तिला बिचारीला काही कळेना. तेवढ्यात लाल झेंडा आला, शिट्ट्या वाजल्या आणि आयोजकांपैकी एक तरुण माणूस धावत आला.

"काका! काका, हे काय चाललंय? कोण आहात तुम्ही?"

"मी?" मालक छाती काढून म्हणाले. "मी सासरा."

त्यांना सगळं समजावून सांगायला बराच वेळ गेला. एकच फेरी झाली होती म्हणून शर्यत पहिल्यापासून पुन्हा घ्यायची ठरली. मालकांचा चेहरा कसा झाला ते मी लांबूनही पाहिलं. हातातली रिकामी पिशवी ते उगीच घडी घालत होते.

मी तेव्हा कुणाकडं न बघता लिंबाखाली ठेवलेली पाण्याची कळशी उचलली आणि दोरीखालून आत गेले. सुनेच्या हेल्मेटमधल्या चष्म्यात, गळ्यात, कानात गुलाल होता. मी पदर ओला करून पुसायला लागले.

"आई, काच घासू नका, नुसतं पाणी टाका." ती हसत होती की रडत होती, ते त्या रंगात कळत नव्हतं.

"डोळ्यात गेलंय का?"

"एकात. चालेल."

दुसऱ्यांदा गाड्या सुटल्या तेव्हा हलगी गप्प होती. पाचही फेऱ्या लोकांनी श्वास रोखून बघितल्या. सून एक डोळा बारीक करून चालवत होती. नाशिकची मुलगी पहिली आली, पुण्याची दुसरी, आमची तिसरी. टाळ्या झाल्या, पण सगळे आमच्याकडं चोरून बघत होते. निम्म्या गावाला मालकांची अट माहीत होती.

संध्याकाळी घरी आल्यावर मालक एवढंच म्हणाले, "शब्द म्हंजे शब्द. उद्या तो मानूस येनार हाय."  गोठ्यापुढं सुनेनं गाडी धुतली, विकायच्या गाईला धुवावं तशी, चाकाच्या दातांमधली माती काडीनं काढून.

सोमवारी सकाळी राहात्याचा माणूस रिकामा टेम्पो घेऊन आला. ओसरीवर मालक होते, दीर होते, आणि चाचा मुद्दाम घोडेगावहून आले होते, बहुतेक मजा बघायला. त्या माणसानं गाडी चालू करून बघितली, चाक फिरवून बघितलं. सून आत माझ्याशेजारी भाजी निवडत होती. मेथीच्या एका जुडीची पानं आणि काड्या ती एकाच ताटात टाकत होती.

बाहेर चाचा म्हणाले, "काय निशाणवाले, काल लई गुलाल उधळला म्हनं. कोन्त्या नंबराचा हुता?"

सगळे हसले. मालकही ओशाळं हसले.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. पुरुष बसलेले असताना मी ओसरीवर चहा ठेवते आणि मागे फिरते. इतक्या वर्षांत तिथं मी कधी बोलले नव्हते. नवऱ्याला चारचौघांत उलट विचारायचं म्हणजे तर फारच. म्हणून मी चाचांनाच विचारलं. नजर कपबश्यांवर ठेवून.

"चाचा, यांना इचारा, गुलाल पडल्यावर नंबर फिरतो का."

 कप घ्यायला पुढं आलेला दिराचा हात तिथंच थांबला. मग चाचांनी मांडीवर थाप मारली.

"बोला की आता! वैनी काय म्हन्त्यात?"

"ते वायलं," मालक म्हणाले. "ती पुरी शर्यत न्हवती. एक फेरी हुती."

"झेंडा पडला का न्हाई?"

"पिवळा हुता."

"आमाला काय रंग दावतो? आपल्या बैलांना कुटं रंग कळतो? गुलाल कुनी टाकला?"

"मीच."

"सुद्दीत हुतास?"

"हुतो की."

"मंग? धा गावांत लोकांना रडकुंडीला आनलंस तू. माझा खिलारी पुढं हुता, तवा काय म्हनलास मला? देव आला तरी न्हाई म्हनलास का न्हाई?"

दीर हसू दाबत म्हणाले, "दादा, चाचाचा खिलारी खरंच पुढं हुता बरं का."

मालक पण खोटं बोलणारे नाहीत. ते म्हणाले, "आरं, त्या नाशिकवालीचा नंबर पयला हाय. पोरीनं कष्टानं काढलाय. तो कसा नाकारू?"

"तो तिचा तिच्या निकालात," चाचा म्हणाले. "तिला बक्षीस भेटलं, ती गेली घरी. तुझ्या घरातली अट तुझ्या निकालाव हुती. आपल्या माळाव, आपल्या मानसांसमोर. तू कुनाव गुलाल टाकला, तेवढंच सांग."

मालकांनी ट्रेमधला कप उचलून चहा बशीत ओतला आणि तसाच धरून ठेवला. बशीतला चहा निवला. राहात्याचा माणूस एकदा यांच्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत होता. मग मालकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि स्वतःशीच हसायला लागले. आधी बारीक, मग चांगलं खदखदून.

"पावनं, चहा घ्या," ते त्या माणसाला म्हणाले. "गाडी काय विकायची न्हाई."

"आवो, मी राहात्याहून टेम्पो घेऊन आलोय!"

"मंग रिकामा कशाला नेता?" आणि दिराला सांगून त्याच्या टेम्पोत लाल कांद्याच्या दोन गोण्या टाकल्या. तो माणूस कांदे घेऊन, पुढची शर्यत कुठं आहे ते विचारून गेला.

सून आतून बाहेर आली ती मेथीच्या हातानं सासऱ्याच्या पाया पडली. मालक मागं सरकले. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. पन त्या उंचवट्याव जरा हळू घेत जा. काळजात कळ येती मानसाच्या."

"हो दादा."

"हो म्हन्ती, आन घेनार न्हाई हळू."

"नाही घेणार," सून म्हणाली. त्यावर चाचाच मोठ्यांदा हसले.

दोन दिवसांनी गावरान कांदा लावणाऱ्या बायांची टोळी विचारायला आली. त्यांची मुकादमीण अंगणातूनच ओरडली, "दादा, रोपं तयार हायेत. रईवारी लागन धरू का?"

मालक ओसरीवरून उठले, आत आले, भिंतीपाशी उभे राहून सुनेच्या कागदावर बोट फिरवून बाहेर गेले.

"रईवारी न्हाई. सोमवारी या. रईवारी घरात कुनी न्हाई."

"आन वैनी?"

"तीबी न्हाई. बारामतीला चाललीय."

मी चुलीपुढं होते. मला हे कुणी विचारलं नव्हतं. बारामती मी कधी पाहिलेली नव्हती. भाकरी तव्यावरून उतरवली आणि कढईत शेंगदाणे भाजायला टाकले, वाटेत खायला लाडू लागतील म्हणून.